ओम ६१६

प्रत्येकाला एक तरी मामा असावा आणि त्या मामाकडे मोटार असावी, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. ती मोटार बिघडल्यावर भाच्याला बोलावणं येऊ नये, ही अट मात्र मी घालायला विसरलो. विसरलेल्या अटींचीच पुढे माणसाला किंमत मोजावी लागते, हे एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला तरी ठाऊक असायला हवं होतं.

आमच्या मामांकडे मर्सिडीज आहे. हल्ली पुण्यात मर्सिडीज आडवी आली तरी रिक्षावाला तिला हॉर्न मारून बाजूला काढतो. पण मामांनी ही गाडी घेतली १९८७ साली. तेव्हा आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसडर, फियाट, नाहीतर नवी नवी मारुती. परदेशी कंपन्यांनी इथे नुसत्या जोडाजोडीच्या गाड्या विकू नयेत, असं धोरण सरकारनं १९५३ साली आखलं आणि १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. त्यानंतर परदेशी गाडी आणायची, तर जकात गाडीच्या किमतीहून जास्त. एक आडवाट होती. परदेशी वकिलातींच्या वापरून झालेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकत असे. आमचे मामा रस्त्यांचे कंत्राटदार. टेंडर भरणं हा त्यांच्या हातचा मळ. त्यांनी मोटारीसाठीही टेंडर भरलं आणि ते लागलं. १९८२ सालची पांढरी २४० डी एरंडवण्यातल्या बंगल्यासमोर येऊन उभी राहिली. मामांच्या साइटवर मजुरांची ने-आण करणाऱ्या दोन मॅटॅडोरही होत्या; पण त्यांना घातलेला हार आठवडाभर कोणी काढत नसे आणि मर्सिडीजचा हार मात्र मामी रोज बदलत. बॉनेटवरच्या त्या तीन टोकांच्या ताऱ्याला मामी दर दसऱ्याला चिंच लावून घासत. तो पितळेचा नाही, हे त्यांना सांगण्याचं धाडस कोणी केलं नाही.

या गाडीनं आमच्या घराण्यातल्या अकरा वराती काढल्या. अकरावी माझी. लोकांनी नवरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. माझ्याकडे बघायला कोणाला सवड झाली नाही.

तर २०१८ च्या मे महिन्यात ही गाडी धूर टाकू लागली. म्हणजे धूर ती पूर्वीही टाकायचीच, पण आता तिच्या मागे रस्ता दिसेना. सकाळी चालू व्हायला दहा मिनिटं घेई. तेल असं पिई, की पाहुण्यालाही लाज वाटावी. एका चकाचक वर्कशॉपात नेली, तेव्हा तिथल्या टाय लावलेल्या मुलानं अदबीनं एक आकडा सांगितला. तो ऐकून मला आधी तो टेलिफोन नंबर वाटला. भंगारवाला तर बंगल्यावर येऊन, गाडीला न विचारता, तिचं वजन सांगून गेला.

मामा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या नातीचं लग्न डिसेंबरात साताऱ्याला ठरलेलं. मामांनी जाहीर केलं, "माझी नात याच गाडीतून मांडवात उतरणार. इंजिन आपण घरीच उघडू." त्यातला 'आपण' हा शब्द माझ्याकडे बघून उच्चारला होता.

माझी पात्रता सांगतो. मी बँकेत शेतीकर्ज विभागात होतो. शेतकऱ्यांना ऑईल इंजिनासाठी कर्ज मंजूर करायचं आणि मग ते इंजिन विहिरीवर खरोखर आहे की नाही, हे जाऊन बघायचं. म्हणजे इंजिन असल्याची खात्री करण्यात मी वाकबगार. ते आत कसं असतं, हे बघण्याची वेळ निवृत्तीनंतर आली.

मामांनी कुठूनसा एक वस्ताद पैदा केला. मूळचा कऱ्हाडकडचा माणूस. तीस वर्षं वडापच्या जीपगाड्यांची इंजिनं बांधलेली. मर्सिडीजसमोर तो बुजेल, अशी माझी कल्पना होती. त्यानं बॉनेट वर केलं. या गाडीचं बॉनेट सरळ नव्वद अंशांत उभं राहतं, पोलिसानं सॅल्यूट ठोकावा तसं. मग गाडी चालू करायला लावली, डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि मामा आत चहा सांगायला गेलेत हे बघून मला हळूच विचारलं,

"साहेब, ही गाडी कुठं वडापला व्हती काय?"

मी म्हटलं, "वस्ताद, ही मर्सिडीज आहे. जर्मनीची."

"आसंल की. पर ह्यो आवाज ट्रॅक्सचा हाय."

कंडक्टर टपाला लटकतो, पुढे ड्रायव्हरच्याही उजव्या बाजूला एक गडी बसतो आणि आत चौदा माणसं, दोन करडं आणि एक सायकल असते, त्या गाडीचा! मला वस्तादाचं अज्ञान क्षम्य वाटलं. घरी येऊन मी गाडीचं जर्मन पुस्तक उघडलं. इंजिनाचं नाव लिहिलं होतं : ओएम ६१६. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत ट्रॅक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज डोकावलो. फळीवरच्या प्रत्येक खोक्यावर छापलं होतं : ओएम ६१६.

मी सुपारी कातरत बसलेल्या दुकानदाराकडे आणि तो माझ्याकडे बघत राहिला. घराण्याच्या अकरा वराती डोळ्यांपुढून गेल्या. त्या क्षणी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, हे मामांना कळू द्यायचं नाही. आणि दोन, हे असं झालं तरी कसं, याचा छडा लावायचा.

जूनमध्ये कामाला लागलो. गॅरेजच्या तुळईला चेनकुप्पी टांगून इंजिन बाहेर काढलं. ते दोरखंडाला लोंबकळत असताना मामींनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली आणि मी डोळे उघडे ठेवून तीच म्हटली. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मामा आरामखुर्ची टाकून देखरेखीला बसले. साइटवर चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

इंजिन उघडणं हे उत्खननासारखं आहे, हे मला तेव्हा कळलं. जसजसं खाली जावं, तसतसा जुना काळ लागतो.

पहिल्या थराला हेड लागलं. त्यातून वस्तादानं चार छोट्या भोकाभोकांच्या लोखंडी कुप्या काढल्या. "ह्ये प्री-चेंबर," तो म्हणाला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की ती तापून लाल व्हावी आणि तिच्यात तेल फवारल्याबरोबर ते आपोआप पेटावं. आमच्या इंजिनात हवा एकविसाव्या हिश्शात कोंबली जाते. संध्याकाळी सहाच्या लोकलनं कल्याणला गेलेल्या माणसाला हे तत्त्व वेगळं समजावून द्यायला नको. पण तेल एकदम मोठ्या खोलीत पेटलं, तर दणका बसतो. म्हणून ते आधी या छोट्या कुपीत पेटतं आणि तिथून ज्वाळा मुख्य सिलिंडरमध्ये येते. आपल्या वाड्यांत पाहुणा थेट माजघरात येत नसे. आधी ओसरीवर टेके, तसंच हे. इंजिनाला अशी ओसरी बांधायची कल्पना प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरची. १९०९ साली मानहाइमच्या बेन्झ कंपनीत असताना त्यानं तिचं पेटंट घेतलं. त्याआधी डिझेल इंजिनात तेल फवारायला एक भलामोठा हवेचा कॉम्प्रेसर लागे. ओसरी आली आणि कॉम्प्रेसर गेला, म्हणून पुढे डिझेल इंजिन गाडीत मावलं.

दुसऱ्या थराला पंप लागला. तेल फवारण्याचा हा पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानं १९२७ साली बाजारात आणला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९३६ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजनं २६० डी ही डिझेल मोटार मांडली. मी समजत होतो, की तिच्यावर राजेमहाराजांच्या उड्या पडल्या असतील. उड्या पडल्या त्या टॅक्सीवाल्यांच्या! खर्च कमी, मरण उशिरा. तेव्हापासून डिझेल मर्सिडीज म्हणजे टॅक्सीवाल्याची आवडती गाडी. मामांची गाडी ज्या मालिकेतली, तिच्या जवळजवळ २७ लाख गाड्या १९७६ ते १९८६ या काळात निघाल्या आणि युरोपातल्या स्टेशनांबाहेर त्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. ओएम ६१६ हे इंजिन १९७३ मध्ये आलं. ते बसवलेली १९७६ सालची एक २४० डी ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं ४६ लाख किलोमीटर चालवली. म्हणजे चंद्रावर जाऊन परत येण्याच्या सहा खेपा, तेही परतीचं भाडं मिळेल याची खात्री नसताना. इंजिन दमलं की तो उतरवी, बांधून घेई आणि तोवर दुसरं जोडी. शेवटी २००४ साली कंपनीनंच ती गाडी मागून घेऊन स्टुटगार्टच्या आपल्या संग्रहालयात ठेवली.

हे वाचून मला थोडं वाईट वाटलं. ज्या गाडीला आम्ही तीसेक वर्षं ऐरावत समजून ओवाळत होतो, तो युरोपातला बैल निघाला. ताकद म्हणाल, तर ७२ अश्वशक्ती. थांबलेली गाडी ताशी शंभरच्या वेगाला पोचेपर्यंत वीस सेकंदांहून जास्त लागत. तेवढ्यात एक मंगलाष्टक होऊन अक्षताही पडतात. गाडी नेहमी संथ चालते, हा आम्ही तिचा खानदानी रुबाब समजत होतो.

तिसऱ्या थराला पिस्टन निघाले आणि वस्तादानं मला सिलिंडरच्या तोंडाशी आतून नख फिरवायला सांगितलं. वरच्या कडेला नख अडकलं. "पायरी पडलीया," तो म्हणाला. रिंगा लाखो वेळा वरखाली घासून भिंत झिजते आणि जिथवर रिंग पोचते तिथे अशी पायरी राहते. तिथून दाब निसटतो, तेल वर चढतं आणि धूर होतो. एवढा सगळा रोग, आणि तो नखाला कळतो! लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं हवं होतं. वस्ताद नाना पेठेतून अर्ध्या दिवसात घेऊन आला. तो जुन्या २.४ लिटरच्या ट्रॅक्सचा माल. मापं जुळली. चकाचक वर्कशॉपातल्या आकड्याची शेवटची दोन शून्यं पुसली, तर उरेल एवढं बिल झालं. मी सगळी खोकी रातोरात गच्चीवर नेऊन जाळली. मामांनी विचारलं, "पार्ट कुठले?" मी म्हटलं, "जर्मन डिझाइनचे." बँकेत राहिलेला माणूस खोटं बोलत नाही, तो शब्द निवडतो.

आता हे जर्मन डिझाइन वडापच्या गाडीत शिरलं कसं, ही कथा ऐका. तो तारा आपल्याकडे मामांच्या आधीच आला होता. १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. तीन टोकांचा तारा कपाळावर लावून आपल्या ट्रकांनी ऊस, कांदे आणि सिमेंट वाहिलं. १९६९ साली करार संपला, तारा उतरला आणि तिथे टाटांचा 'टी' आला. पण एक दुसरी वाट होती. हांबुर्गच्या एका कंपनीशी भागीदारी करून १९५८ साली बजाज टेम्पो स्थापन झाली. तिची तीन चाकी गाडी एवढी पसरली, की 'टेम्पो' हे कंपनीचं नाव आहे हे विसरून आपण कुठल्याही मालगाडीला टेम्पो म्हणू लागलो. इकडे जर्मनीत ती हांबुर्गची कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि ती दुसरी पुढे डाइम्लर-बेन्झच्या घरात आली. लेक एका घरी द्यावी आणि ते घरच पुढे संस्थानिकांकडे दत्तक जावं, तसं झालं. त्या नात्यानं ऐंशीच्या दशकात ओएम ६१६ हे इंजिन परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीत बनू लागलं. आधी मॅटॅडोरमध्ये, मग ट्रॅव्हलरमध्ये, मग ट्रॅक्समध्ये. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, तरी इंजिनाचा वंश चालूच राहिला. जर्मनीत त्याला निवृत्तीचं वय झालं आणि ते पुण्यात येऊन राहिलं. निवृत्त माणसानं पुण्यात यावं यात नवल काही नाही. पण पुण्यात आल्यावर पेपर वाचत न बसता ते साताऱ्याच्या रस्त्यावर वडाप करू लागलं, हे मात्र कौतुकास्पद.

नावाचा खुलासा करायचा राहिलाच. 'ओएम' म्हणजे जर्मनमधलं ओएल-मोटर. तेलाचं इंजिन. सरळ मराठीत : ऑईल इंजिन! खडकीला १९४६ साली किर्लोस्करांनी ज्या ऑईल इंजिनांचा कारखाना काढला आणि ज्यांच्यासाठी मी आयुष्यभर कर्जं मंजूर केली, त्यांचंच हे भावकीतलं. सगळ्यांचा मूळपुरुष रुडॉल्फ डिझेल. त्यानं १८९३ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिलं इंजिन चालवायला घेतलं, तर दाब मोजायचं यंत्रच फुटलं आणि साहेब थोडक्यात बचावले. पुढे चार वर्षं तो तेच इंजिन उघडत आणि बांधत बसला. १८९७ साली ते तीन मीटर उंच धूड धड चाललं, वीस अश्वशक्ती दिली आणि तेलातली २६ टक्के उष्णता कामी लावून दाखवली. वाफेची बहुतेक इंजिनं तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. पण पैशाच्या व्यवहारात डिझेलसाहेब कच्चे. १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून ते नाहीसे झाले. पुढे समुद्रात प्रेत सापडलं. कर्जाच्या फायली तपासलेल्या माणसाला त्या बोटीतली ती रात्र जरा जास्तच दिसते. मी ते पान मिटून ठेवलं आणि मुकाट्यानं पिस्टनच्या रिंगा पुसायला बसलो.

ऑक्टोबरात खंडेनवमीला ब्लॉक अंगणात पाटावर मांडलेला होता. मामींनी पान्यांबरोबर त्याचीही पूजा केली. माझ्या हातातल्या पुस्तकावरचं नाव त्यांनी लावून लावून वाचलं आणि म्हणाल्या, "बघा, परके लोकसुद्धा यंत्राचं नाव ओमनं सुरू करतात. आणि आपली मुलं!" ऑईल इंजिनाचा खुलासा मी गिळला. मामींनी ब्लॉकवर कुंकवानं ॐ काढला. वस्तादानं तो पुसू दिला नाही. इंजिन गाडीत गेलं तेही ॐसकट.

जुळणी सुरू झाली. हेडचे बोल्ट मधून बाहेर, क्रमानं आणि टप्प्याटप्प्यानं आवळायचे. वस्ताद म्हणे, "पंगतीत वाढल्यागत. येकाच्याच पानात सगळं न्हाई वाढायचं." व्हॉल्व्हमधली फट आत घेण्याच्या बाजूला ०.१० मिलिमीटर आणि धुराच्या बाजूला ०.३० मिलिमीटर. गरम हवेच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त फुगतो, म्हणून त्याला जागा जास्त सोडायची. तापट माणसाशीही असंच वागावं, हे मला आयुष्यात उशिरा कळलं. सगळं झाल्यावर एक वायसर उरला. मी घाबरलो. वस्ताद म्हणाला, "उरला ना? कमी तर न्हाई पडला?" माझ्या बँकेत या तत्त्वावर हिशेब जुळवला असता, तर मला घरी बसवलं असतं.

नोव्हेंबराच्या अखेरीस एका रविवारी हातपंप मारून नळ्यांतली हवा काढली. मामा चालकाच्या जागी बसले. किल्ली अर्धी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबले आणि मग पुरती फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर सोडला आणि टक-टक-टक-टक करत लागलं. वस्तादानं तेल भरायच्या तोंडावरचं झाकण काढून त्यावर नुसतं ठेवलं. मे महिन्यात हेच झाकण आधणावरच्या ताटलीसारखं नाचत होतं. आता ते निपचित पडून राहिलं. मामा काही बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी वस्तादाच्या काळ्या हाताला हात मिळवला आणि तो हात दिवसभर धुतला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. पुढे मर्सिडीज : मामा चालवताहेत, शेजारी मी, मागे मामी आणि नात. पाठीमागे वऱ्हाडाचे दोन ट्रॅव्हलर. खंबाटकीच्या घाटात आमच्या ७२ घोड्यांना घाम फुटला. पण धूर नाही. मागचा ट्रॅव्हलर तोच आवाज करत शेजारून वर गेला. मामींनी तोंड वाकडं केलं. "काय खडखड ती! आपली गाडी बघा, कशी गंभीर बोलते." मी काच वर केली.

साताऱ्यात कार्यालयाच्या दारात गाडी थांबली. सनई लागली. वरपक्ष सामोरा आला. मामी आणि नात उतरल्या. मामांनी ऐटीत किल्ली फिरवून बाहेर काढली.

इंजिन चालूच.

मामांनी किल्ली पुन्हा घातली, फिरवली, काढली. टक-टक-टक-टक. पेट्रोलची गाडी ठिणगी तोडली की थांबते. डिझेलला ठिणगीच नाही. तेल तोडावं लागतं. या गाडीत ते काम किल्ली हवेच्या ओढीनं करते, एका बारीक नळीतून. त्या नळीचा छत्तीस वर्षांचा रबरी सांधा नेमका घाटात निसटला होता. आम्ही सगळं नवं केलं होतं, हा एक दीडबोटी तुकडा सोडून. आता ही गाडी टाकीतलं डिझेल संपेपर्यंत मंगलाष्टकं म्हणणार, असं दिसू लागलं. व्याही हसू दाबत होते. सनईवाल्यानं आपला सूर टक-टकीशी जुळवून घेतला.

इतक्यात ट्रॅव्हलरचा पोरगा-ड्रायव्हर पुढे आला. त्यानं बॉनेट उघडलं, आत हात घातला, न बघता एक दांडी दाबली आणि इंजिन गप्प झालं. पोरगा हात पुसत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, घाबरू नका. आमचंच इंजिन आहे. ट्रॅव्हलरचं."

माझ्या छातीत धस्स झालं. सहा महिने जपलेलं गुपित वरपक्षाच्या पुढ्यात चव्हाट्यावर! मी मामांकडे बघितलं. मामा शांतपणे खिशातून पाकीट काढून पोराला शंभराची नोट देत होते. मग माझ्या खांद्यावर हात टाकून त्यांनी मला गाडीमागे नेलं.

"तू तीन महिने गच्चीवर खोकी जाळत होतास ना?"

मी मान खाली घातली.

"अरे, १९९० पासून मी हिला मॅटॅडोरचेच फिल्टर घालतोय. माझ्या साइटवरच्या ड्रायव्हरनंच दाखवलं होतं. तुला काय वाटलं, रस्त्याच्या खडीवर मर्सिडीजचे पार्ट परवडायचे मला? पार्ट गल्लीत मिळाले म्हणून तर ही टिकली. हिच्याबरोबरच्या बाकीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या."

"मग बोलला नाहीत ते?"

मामांनी मांडवाकडे बघितलं. आत मामी विहीणबाईंना गाडीविषयीच काही सांगत होत्या. बोलता बोलता हातानं तीन टोकांचा तारा काढून दाखवत होत्या.

"मॅटॅडोर मी विकल्या, रस्ते दुसऱ्यांनी पुन्हा खोदले, बंगलाही उद्या बिल्डरकडे जाईल," मामा म्हणाले. "तिला मी दिलेलं, अजून आहे तसं राहिलेलं, हे एकच. तिच्यासमोर इंजिनाचं काही बोलू नकोस."

मी बोललो नाही. रबराचा सांधा ट्रॅव्हलरच्या पोरानं आपल्या डिकीतून काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. परतीच्या वाटेवर नात दुसऱ्या घरी गेलेली, म्हणून गाडी रिकामी वाटत होती. बोगद्यात शिरल्यावर आवाज भिंतींवरून घुमू लागला. मागे ट्रॅव्हलर होता की आमचंच इंजिन दुप्पट ऐकू येत होतं, कळेना. मामींनी डोळे मिटून मान मागे टाकली होती. मला वाटलं, झोपल्या.

"अहो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तेल बदलायचं झालं असेल, तर तुमच्या त्या मॅटॅडोरवाल्या दुकानातूनच आणा. बाहेर महाग देतात."

मामांनी आरशात बघितलं. मग गिअर बदलला. पुणे येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.